रानच्या शिकारीला खाटीक नाही

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की अडाण नदीच्या काठी बोरी अरब लागतं. काळ्या मातीचं, कापूस-तूर-सोयाबीनचं हे गाव. अशा कुठल्याही बाजाराच्या गावात मटणाचं दुकान असतं तसं ते डोळ्यांसमोर आणावं. चिंचेचा जाड ओंडका, वर्षानुवर्षं सत्तूर पडून मधोमध खोलगट झालेला. शेजारी सुरी घासायचा दगड, वजनकाटा, आणि वर आकड्याला उलटा टांगलेला सोललेला बोकड. सगळं कातडं उतरवलेलं असतं, पण शेपटी तेवढी राखलेली असते. केसांचा तो आखूड झुबका पाहिल्याशिवाय जुनं गिऱ्हाईक तोंड उघडत नाही. बोकडाची शेपटी आखूड आणि वर वळलेली, मेंढीची खाली लोंबणारी. जे विकतोय ते काय आहे याचा दाखला खाटीक असा गिऱ्हाइकासमोर टांगून ठेवतो.

सणावाराला बाहेरगावचा पाहुणा येतो आणि याच ओंडक्यापाशी आवाज खाली आणून विचारतो, ‘‘दादा, रानातलं काही भेटन का?’’ प्रामाणिक दुकानदार मान हलवतो. ‘‘नाही भाऊ, आपल्याकडं बोकडच भेटते.’’

या नकारामागे बरंच काही आहे. रोही, रानडुक्कर, हरीण, ससा, तितर कापून, साफ करून, वाटे घालून देणारा कायदेशीर खाटीक बोरी अरबमध्येच नाही असं नव्हे. तो यवतमाळात नाही, नागपुरात नाही, मुंबईतही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, तेव्हा शिकारीला परवाने होते आणि काही प्राण्यांची शिकार ठरावीक मोसमात चालत असे. पुढे दुरुस्त्या होत गेल्या, १९९१ पासून ती दारंही मिटली. कायद्याचं ३९ वं कलम सांगतं की मारलेलं किंवा मेलेलं सापडलेलं रानजनावर सरकारची मालमत्ता आहे, आणि त्याचं मांसही. ५७ वं कलम त्याहून कडक आहे. एखाद्याजवळ असं मांस सापडलं तर ते बेकायदाच आहे असं न्यायालय धरून चालतं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. एरवी गुन्हा सिद्ध करायचा असतो तो सरकारने. इथे पातेलं ज्याच्या चुलीवर, उत्तर त्याने द्यायचं.

खाटकाला आणखी एक कुंपण आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अन्नसुरक्षा नियमांत कापण्यायोग्य जनावरांची यादी दिली आहे. मेंढी, बकरी, डुक्कर, गोवंश-म्हैसवर्ग, त्याशिवाय कोंबडीवर्ग आणि मासे. गोवंशाबाबत राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत, तो विषय निराळा. हरीण या यादीतच नाही. म्हणजे उद्या शिकार कायदेशीर झाली तरी दुकानाचा परवाना असलेल्या माणसाला चितळाच्या फऱ्यावर सुरी लावता येणार नाही.

अमेरिकेत चित्र उलटं दिसतं. पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा राज्यांत शिशिराच्या तोंडाशी हरणांचा मोसम उघडतो आणि गावोगावच्या खाटकांच्या दारात गाड्यांची रांग लागते. शिकारी परवान्याची चिठ्ठी जनावराला बांधून ते घेऊन येतो. खाटीक ते सोलतो, थंड खोलीत लटकवतो, मांडी, पाठ, खिमा वेगळा करतो, मसाला भरून सॉसेज करून देतो आणि पाकिटांवर मालकाचं नाव घालून परत करतो. नवख्या शिकाऱ्याला बंदुकीहून चांगल्या खाटकाची चिंता जास्त असते. आपण दिलेल्याच हरणाचं मांस परत येईल ना, कापणारा स्वच्छ हाताचा आहे ना, आतडं फुटून मांस नासलेलं नाही ना, हे तो दहा ठिकाणी विचारत फिरतो.

पण तो खाटीक हरीण विकत नाही. तो आपली मजुरी विकतो. रानातल्या हरणाचं मांस विकायला तिथेही सामान्यतः बंदी आहे, आणि ती बंदी फार मोठी किंमत मोजून आली आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे शिकार हा बाजाराचा धंदा होता. रेल्वेचे डबे भरभरून हरणं आणि पक्षी शहरांत जात. आकाश झाकून टाकणारं प्रवासी कबुतर त्यात कायमचं संपलं, शेवटचा पक्षी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पांढऱ्या शेपटीचं हरीण काही लाखांवर येऊन ठेपलं. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी आली आणि राज्याराज्यांनी मांसाचा बाजारच बंद केला. आज त्या हरणांची संख्या काही कोटींत मोजतात. शिकार चालू राहिली आणि हरीणही राहिलं, कारण मधला गल्ला काढून टाकला होता.

भारताने शिकारच बंद केली. दोन्ही देशांनी कुऱ्हाड घातली ती मात्र एकाच जागी. रानातल्या मांसाला भाव असला की रान रिकामं होतं. एक माणूस आपल्या घरापुरतं किती मारणार? पण त्याच्यापाशी रोज घेणारा आला, घेणाऱ्यापाशी ढाबेवाला आला, की जाळी वाढतात, फासे वाढतात, रात्री वाढतात. म्हणून या साखळीतली खाटकाची कडी सर्वांत महत्त्वाची. तो गुपचूप मिळाला तर बाकीचे सगळे आपोआप मिळतात.

वऱ्हाडात ही साखळी एके काळी उघड्यावर चालत होती, आणि तिच्या टोकाला फासेपारधी होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात पारध्यांच्या फाशांचं वर्णन आहे. फासेपारध्याचं कसब बंदुकीचं नव्हतं. माळावर काळवीट कुठून कुठे जाईल हे त्याला पावलांवरून कळे. त्या वाटेवर खुंट्यांना बांधलेल्या फाशांची ओळ जमिनीलगत लागे. काही जण शिकवलेल्या बैलाआड चालत, बैल चरत असल्यासारखा पुढे सरके आणि कळपाला माणूस दिसत नसे. तितर-लाव्यांसाठी वेगळे फासे, सशासाठी वेगळे. मिळालेलं रानधन घरी शिजे, उरलेलं बाजारात जाई. जमीन नाही, गाव नाही, अशा कुटुंबाचं तेच पीक होतं.

त्याआधीच इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि पारध्याला येत असलेलं एकमेव काम गुन्हा ठरलं. माळ वाचवायला तो कायदा हवाच होता. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या हातात फास, त्याच्या हातात दुसरं काय द्यायचं हे ठरवायला कुणी बसलं नाही. हे देणं अजून फिटलेलं नाही. विदर्भात कुठेही शिकार पकडली गेली की संशयाचं बोट आधी पारधी बेड्याकडे, म्हणजे त्यांच्या वस्तीकडे जातं, मग त्या रात्री बेड्यावरची माणसं घरात झोपलेली का असेनात.

बोरी अरबच्या पश्चिमेला कारंजा लाड आहे. तिथल्या माळावर २००० साली कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य झालं, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं. याच वाशीम-अकोला पट्ट्यात कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी वस्त्यांबरोबर काम करते. काम आहे गवताळ रानं राखण्याचं. या गवतात तणमोर येतो. कोंबडीएवढा हा पक्षी आता देशभरात फार थोडा उरला आहे. पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उडी घेतो, क्षणभर हवेत पाय मारतो आणि पुन्हा गवतात बुडतो, दिवसातून शेकडो वेळा. ती उडी कुठल्या टेकाडावर होते, मादी कुठे बसते, हे दुर्बीण लावून बसलेल्या अभ्यासकाआधी पारध्याला ठाऊक असतं. फास लावायला शिकलेली नजर आता राखणीला लागली आहे. हे काम सावकाश चालतं, पैसा तुटपुंजा असतो, आणि शिकारीतून एका रात्रीत जे मिळे ते गवत राखून मिळत नाही, हेही खरं आहे.

चोरून शिकार करणाऱ्यांची आताची साधनं मात्र फाशाहून कितीतरी क्रूर आहेत. विजेच्या खांबावर आकडा टाकून जमिनीलगत तार ओढतात. ती तार रानडुक्कर आणि वाघ यांत फरक करत नाही, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेतकरीही तिच्यावर जातो. कणकेच्या गोळ्यात स्फोटकं भरून गावठी बॉम्ब ठेवतात. डुकराने तो चावला की जबडा फुटतो, पण ते लगेच मरत नाही, दोन दोन दिवस फिरतं. गुरं आणि कुत्रीही त्याला बळी पडतात.

असं मेलेलं जनावर मग रात्रीच कुठेतरी ओढ्यात कापलं जातं. मुंडी, कातडं, खूर तिथेच पुरतात. आकड्यावरच्या बोकडाची राखलेली शेपटी इथे आठवावी. रानच्या मटणाला शेपटी नसते. घेणाऱ्याला हरीण म्हणून काय मिळालं, बकरी, कुत्रं की मेलेलं वासरू, हे ओळखायला त्याच्यापाशी काही नसतं.

प्रयोगशाळेपाशी मात्र असतं. कातडं कितीही सफाईने उतरवलं तरी मांसाला दोन-चार केस चिकटून राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या केसाचा गाभा आणि वरची खवल्यांची नक्षी प्राण्याची जात सांगते. केस नसला तर डीएनए आहे. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत लालजी सिंग आणि सुनीलकुमार वर्मा यांनी २००३ च्या सुमारास अशी पद्धत मांडली की जवळपास कुठल्याही प्राण्याच्या ऊतीच्या कणावरून त्याची जात ठरवता येते. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए शेकडो प्रतींत असतो, त्यामुळे शिजलेल्या रश्श्यातल्या फोडीतूनही तो बहुतेक वेळा हाती लागतो. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ते मांस काळविटाचं निघालं तर शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दंड किमान २५,००० रुपये. दुसऱ्या परिशिष्टातल्या प्राण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या रकमा २०२२ च्या दुरुस्तीतल्या. विकत घेणाराही सुटत नाही.

तब्येतीचा भाग वेगळा. रानडुकराच्या स्नायूत ट्रिकिनेला नावाचा सूक्ष्म कृमी असू शकतो. नीट न शिजलेल्या मांसातून तो माणसाच्या आतड्यात जातो, तिथून स्नायूंत घर करतो. ताप, डोळ्यांभोवती सूज, अंगदुखी सुरू होते. जर्मनीत रानडुकराची शिकार कायदेशीर आहे, तरी प्रत्येक डुकराची ट्रिकिनेला तपासणी झाल्याशिवाय ते खायला देता येत नाही. युरोपच्या नियमाने मोठ्या शिकारीचं मांस ७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावं लागतं. अमेरिकेत हरणांचा मेंदू पोखरणारा एक रोग १९६७ साली कोलोरॅडोत प्रथम दिसला. आता अनेक राज्यांत शिकारी मुंडीचा नमुना तपासायला देतात आणि निकाल येईपर्यंत मांस थांबवून ठेवतात. आणि यवतमाळचा एप्रिल? पारा ४२-४३ वर, तारेवर रात्रभर पडलेलं जनावर, फुगलेलं पोट, ओढ्याचं पाणी, तपासायला डॉक्टर नाही. जनावर काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेलं असलं तर कापणाऱ्याच्याच हातावर फोड उठतो. रानचं मांस ताकदीचं, शुद्ध, औषधी, अशी समजूत गावोगाव आहे. ती माणसं दवाखान्यात पोचवणारी समजूत आहे.

इथवर वाचून बोरी अरबचा शेतकरी म्हणेल, हे सगळं खरं, पण माझ्या तुरीचं काय?

त्याचा प्रश्न रास्त आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी हा कुरंगवर्गातला प्राणी आहे, आणि मोठा नर २०० किलोंच्या वर भरतो. वीस-पंचवीसांचा कळप एका रात्रीत शेतातून गेला की खाल्लेल्यापेक्षा तुडवलेलं जास्त असतं. रानडुकरं तर सोंडेने भुईमुगाच्या ओळीच्या ओळी उकरतात, नांगर फिरवल्यासारख्या. म्हणून पेरणीपासून मळणीपर्यंत जागल आली. मचाणावर कंदील, आता टॉर्च, फटाके, डबडी, बांधाभोवती जुन्या साड्यांचं कुंपण, ज्याला जमेल त्याचं सौरऊर्जेवरचं झटका मशीन. दिवसभर शेतात राबून रात्री पुन्हा शेतातच जागायचं, थंडीत, साप-विंचवांत. शेजाऱ्याने मशीन बसवलं की कळप बिनमशीनच्या वावरात वळतो, म्हणजे नुकसान गरिबाकडे सरकतं.

या शेतकऱ्यासाठी कायद्याने एक वाट ठेवली आहे. उभ्या पिकाचा नाश करणारा प्राणी मारण्याची परवानगी ११ व्या कलमाखाली मिळू शकते. महाराष्ट्र सरकारने २०१५ च्या जुलैमध्ये रोही आणि रानडुकरासाठी हा अधिकार थेट वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत रेंजर साहेबापर्यंत, खाली आणला. शेतकऱ्याने वन कार्यालयात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, पाहणी होऊन परवाना मिळायचा. मारायचं ते परवान्याच्या बंदुकीने, अभयारण्याबाहेर. तार नाही, विष नाही, बॉम्ब नाही.

कागदावर ठीक आहे. पण बंदूक कुणाकडे आहे? वऱ्हाडातल्या पाच एकरवाल्याकडे बैलजोडी टिकत नाही, तिथे परवान्याची बंदूक आणि रात्री नेम धरणारा माणूस कुठून येणार? खाटीक मिळत नाही तसा इथे शिकारीही मिळत नाही.

आणि समजा मिळाला, जनावर पडलं, तर पुढे काय? ते वनखात्याच्या ताब्यात द्यायचं. पंचनामा होतो, मापं घेतात, मग खड्डा खणून ते पुरतात किंवा लाकडं रचून जाळतात. खायचं नाही, वाटायचं नाही, विकायचं नाही. कष्टाचं पीक ज्याने खाल्लं त्या जनावराचं मणभर मांस डोळ्यांदेखत मातीत जाताना पाहून गावकरी हळहळतात, आणि ती हळहळ समजण्याजोगी आहे. केरळने २०२२ साली रानडुकरं मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार पंचायतींपर्यंत नेला, तेव्हा तिथेही हाच प्रश्न पुढे आला, मेलेलं डुक्कर खाऊ का देत नाही?

खाऊ देऊ नये, असंच याचं उत्तर द्यावं लागतं, मनाला बोचलं तरी. परवाना पिकाच्या नुकसानीसाठी आहे. मांसाला किंमत आली की नुकसान नसलेल्या शेतातूनही अर्ज यायला लागतील, आणि ढाब्यावर रानडुकराचं कायदेशीर मांस मिळू लागलं की त्याच ताटात चितळही वाढलं जाईल. दोन फोडींतला फरक हैदराबादच्या प्रयोगशाळेला कळेल, ढाब्यावर कुणाला कळणार नाही. शिवाय रोही आणि डुक्कर हे वाघाचंही अन्न आहे. याच जिल्ह्यातलं टिपेश्वर अभयारण्य, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं, आज वाघांनी गजबजलेलं आहे. तिथून एक तरुण वाघ २०१९ साली निघाला तो महिन्यांमागून महिने चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला. त्याची वाट अशाच शेता-माळांमधून होती, आणि अशा वाटेवर वाघाला रोही-डुकरांसारखी शिकार लागतेच.

मग शेतकऱ्याला द्यायचं ते मांस नव्हे, भरपाई आणि कुंपण. ते मात्र पुरतं आणि वेळेवर द्यायला हवं, आणि तिथेच व्यवस्था तोकडी पडते. भरपाई आहे. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज, सातबारा, फोटो, पाहणी. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांकही आहे. अडचण पंचनाम्यापाशी येते. डुकराने उकरलेला भुईमूग कुणालाही दिसतो. पण रोही तुरीत शिरतो तो फुलोऱ्यात. कोवळे शेंडे आणि फुलं खुडून खातो आणि पुढे जातो. दुसऱ्या दिवशी पाहणीला माणूस येतो तेव्हा झाड हिरवं असतं, उभं असतं, ओळी जागच्या जागी असतात. शेतकरी एकेक फांदी वाकवून दाखवतो, इथं फूल होतं, इथं होतं, इथं होतं. कागदावर तेवढं लिहायला रकाना नसतो.